जाळीमागून दिसणारा गोलरक्षक
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

हॉकीच्या सामन्याचा वृत्तान्त कोणत्याही वर्तमानपत्रात वाचावा, एक गोष्ट हटकून आढळते. ज्याने गोल केला त्याचे नाव पहिल्या वाक्यात असते. ज्याने गोल होऊ दिला नाही त्याचे नाव अखेरच्या परिच्छेदात, आणि तेही जागा उरली असेल तर. झालेला गोल गुणफलकावर चढतो आणि तेथे कायमचा राहतो. अडवलेला गोल मात्र कोठेच लिहिला जात नाही. तो त्या क्षणी मैदानावर असलेल्या माणसांच्या डोळ्यांत असतो आणि त्या माणसांबरोबरच जातो. मग जे कोणी घडू दिले नाही, त्याचा इतिहास लिहायचा कसा?

इतिहास हा विषय घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थिनीला हा प्रश्न पडावा यात नवल नाही. साधनांवाचून इतिहास नाही, हे आमच्या सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दिले होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, लोकांच्या घरची दप्तरे त्यांनी धुंडाळली. त्याच धर्तीवर आमच्या वर्गाला एक लहानसे काम दिले होते. आपल्या परिसरातील कोणाच्याही घरी असलेली जुनी साधने पाहावीत आणि त्यांचे परीक्षण करावे, एवढेच. मैत्रिणींनी जमिनीचे दस्त, लग्नपत्रिका, बँकेची जुनी पासबुके निवडली. माझ्या वाट्याला एका गोलरक्षकाची छायाचित्रे आली. ती कशी आली हे पुढे सांगते. ज्यांची ती छायाचित्रे आहेत त्यांची ओळख आधी करून देणे भाग आहे, कारण आमच्या वर्गातील एकालाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी इंदूरजवळच्या महू येथे झाला. महू हे नाव आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून घरोघरी माहीत आहे. ते लष्करी छावणीचे गाव. तेथे हा मुलगा आधी फुटबॉल खेळत असे. १९४७ साली, म्हणजे ज्या वयात आपण आठवी-नववीच्या बाकावर असतो त्या वयात, तो सैन्यात बँडवादक म्हणून दाखल झाला. हॉकीची स्टिक त्याच्या हाती आली ती मराठा पलटणीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडची मुले पिढ्यान्‌पिढ्या तेथे भरती होत आली आहेत. शंकर लक्ष्मण हे जन्माने महाराष्ट्रातले नव्हेत. पण त्यांना 'आपला माणूस' म्हणणारे लोक आमच्या भागात आहेत, त्याचे कारण ही पलटण.

१९५५ पासून ते सेनादलाच्या संघातून खेळू लागले आणि पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकला गेले. तेथे भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्या संघात दोन गोलरक्षक होते, रंगनाथन फ्रान्सिस आणि शंकर लक्ष्मण. पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात शंकर लक्ष्मण गोलमध्ये उभे होते आणि भारत १-० असा जिंकला. १९६० साली रोमला पुन्हा तेच दोन संघ अंतिम सामन्यात आले. या वेळी पाकिस्तान १-० ने जिंकले. १९६४ साली टोकियोला तिसऱ्यांदा तीच गाठ पडली आणि भारताने १-० ने सुवर्णपदक परत आणले. म्हणजे ऑलिंपिकचे तीन अंतिम सामने, प्रत्येकी ७० मिनिटांचे, मिळून २१० मिनिटे. आणि एवढ्या वेळात शंकर लक्ष्मण यांच्यामागच्या जाळीत चेंडू गेला तो एकदा. रोममध्ये नसीर बुंदा यांनी मारलेला तो गोल. १९२८ पासून भारताने सलग सहा सुवर्णपदके मिळवली होती, ती माळ त्या गोलाने तुटली. साहजिकच त्या एका गोलाची तारीख, वार, मारणाऱ्याचे नाव सारे पुस्तकांत आहे. उरलेल्या मिनिटांबद्दल पुस्तके गप्प आहेत.

गोलरक्षकांच्या नशिबी हे जुनेच दिसते. रिचर्ड ॲलन हे १९२८ च्या ऑलिंपिकमधील भारताचे गोलरक्षक. त्यांचा जन्म नागपूरचा. ॲमस्टरडॅमला भारताने २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. पण ॲलन यांची आठवण निघाली की लोक सांगतात ती गोष्ट निराळीच असते. १९३२ साली लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले. तो एक गोल का झाला, तर ॲलन त्या वेळी गोलमागे उभ्या असलेल्या प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते, असे म्हणतात! गोष्ट खरी असो वा रचलेली, एका माणसाचे आयुष्यभराचे काम एका गमतीत बसवून टाकले, हे मात्र खरे. १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताने पहिले सुवर्णपदक मिळवले, ब्रिटनला ४-० ने हरवून. तेव्हाचे गोलरक्षक लिओ पिंटो हे मुंबईच्या मैदानांवरचे खेळाडू. त्यांच्याबद्दल तर गंमतही कोणी सांगत नाही.

असो. शंकर लक्ष्मण यांना १९६४ चा अर्जुन पुरस्कार आणि १९६७ साली पद्मश्री मिळाली. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते आणि तेथेही पाकिस्तानला १-० ने हरवून भारताने सुवर्णपदक घेतले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही. १९७९ साली ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले.

आता छायाचित्रांकडे वळू. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये तसबिरी मढवण्याचे एक दुकान आहे. दुकानदार सिंधी, वय ऐंशीच्या घरात. सगळे त्यांना साईं म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते. त्यांचे वडील फाळणीनंतर कराचीहून आले आणि कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकीत राहिले. त्याच छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. दुकानाच्या दर्शनी भागात झुलेलाल, साईबाबा, डॉ. आंबेडकर आणि गिऱ्हाइकांचे वारलेले आईवडील असतात. आतल्या भिंतीवर मात्र हॉकी असते. दुसरे गृहस्थ आमच्या शेजारचे आबा, अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. तिसरे बदलापूरचे सुभेदार आजोबा. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले, १९६३ साली बेळगावला मराठा पलटणीत भरती झाले आणि निवृत्तीनंतर बदलापूरला घर बांधून राहिले.

या तिघांना एकत्र आणले ते उल्हास नदीने. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापुरात घराघरांत पाणी शिरले. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्याकडे अजून वर्षांची मोजणी 'पुराआधी' आणि 'पुरानंतर' अशीच होते. सुभेदार आजोबांच्या भिंतीवरची एक तसबीर त्या पाण्यात भिजली. ती वाचवता येईल का, हे विचारायला ते साईंच्या दुकानात गेले. आबा त्या वेळी तेथे बसले होते. तसबिरीत हॉकीचा गोल पाहून दोघांनी एकदमच विचारले, "हे कोण?" सुभेदार आजोबा म्हणाले, "शंकर लक्ष्मण. आमच्या पलटणीचे." तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी ही बैठक भरते. ज्याला जे सापडेल ते त्याने आणायचे, साईंनी त्याच्या प्रती काढून आणायच्या आणि तिघांनी वाटून घ्यायच्या, असा नियम. आज त्यांच्याकडे २३ छायाचित्रे आहेत. काही छायाप्रती, काही वर्तमानपत्रांची कात्रणे, दोन खऱ्या चकचकीत कागदावरच्या प्रती.

मला या बैठकीत जागा मिळाली ती आबांमुळे. कात्रणांखालचा इंग्रजी मजकूर बारीक, आणि तिघांचीही दृष्टी आता अधू. "तू कॉलेजात जातेस ना? मग हे वाचून दाखव," असे म्हणून त्यांनी मला नेले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. वडील औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात, आई जीन्सचे धागे कापण्याचे काम घरी आणते. आमच्या घरात रेशनकार्डापेक्षा जुना कागद नाही. त्यामुळे जुने साधन पाहायचे तर मला दुसऱ्याच्याच घरी जावे लागणार होते.

एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी चकित करून गेली. या तिघांपैकी एकानेही शंकर लक्ष्मण यांना खेळताना पाहिलेले नाही. मुंबईत दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तोवर शंकर लक्ष्मण यांचा खेळ संपलेला होता. साऱ्यांनी सामने ऐकले ते रेडिओवर. चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वृत्तपट लागे, त्यात कधी एखादा क्षण दिसला तर दिसला. बाकी सारे वर्तमानपत्रातील छायाचित्रावर. म्हणजे ज्या माणसावर यांनी साठ वर्षे माया केली, तो त्यांना कधीच हलताना दिसला नव्हता. आमच्या पिढीला हे समजणे अवघड आहे. आम्ही खेळाडूला हलतानाच पाहतो. स्थिर छायाचित्राकडे आमचे लक्ष अर्धा क्षणही टिकत नाही.

इतिहासाच्या साधनाचे परीक्षण दोन प्रकारे करतात, हे आपण अभ्यासक्रमात वाचतो. कागद, शाई, हस्ताक्षर, मोहोर यांवरून साधन खरे की खोटे, कोणत्या काळचे, हे ठरवणे म्हणजे बहिरंग परीक्षण. त्यात जे सांगितले आहे ते कितपत विश्वासार्ह, हे तपासणे म्हणजे अंतरंग परीक्षण. हे नियम बखरी आणि पत्रांसाठी केलेले. छायाचित्राला ते कसे लावावेत हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाले नाही. तेव्हा मी माझ्या बुद्धीने लावून पाहिले.

प्रथम अंगावरचा सरंजाम पाहावा. हॉकीचा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतो. चेंडू साडेपाच औंसांच्या पुढचा, क्रिकेटच्या चेंडूइतका कठीण. त्यासमोर उभ्या असलेल्या त्या काळच्या गोलरक्षकाच्या पायांना क्रिकेटसारखे कापडी पॅड, पुढे बुटांवर बांधलेले किकर, हातांत मोजे. बस्स. डोक्यावर काही नाही, तोंडावर काही नाही, छातीवर नुसता सदरा. आबांनी आयुष्यभर लोखंड कातले; ते म्हणतात, "कारखान्यात ह्या माणसाला सुरक्षेवाल्यांनी दारातूनच परत पाठवला असता." १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, चेंडूचा वेग वाढला, आणि पुढे गोलरक्षक शिरस्त्राण आणि जाड फोमच्या आवरणात गेला. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोतच भारताने जर्मनीला ५-४ ने हरवून कांस्यपदक मिळवले, तेव्हा गोलरक्षक श्रीजेश गोलच्या आडव्या दांडीवर चढून बसले होते. ते छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. ते आणि शंकर लक्ष्मण यांचे छायाचित्र शेजारी ठेवले तर एकाच धंद्यातली माणसे वाटत नाहीत. पण एक लाभ जुन्या छायाचित्रांचा आहे. सामना चालू असताना श्रीजेश यांचा चेहरा आपल्याला दिसत नाही. जुन्या गोलरक्षकाचा दिसतो. दिसावा, अशी निदान अपेक्षा असते.

'अपेक्षा असते' असे म्हणण्याचे कारण हे की २३ पैकी खेळ चालू असतानाची छायाचित्रे ९ आहेत, आणि त्यांतल्या ६ मध्ये गोलरक्षक पाठमोरा आहे. याचा मी पुष्कळ विचार केला. छायाचित्रकार बसतो कोठे? गोलच्या मागे किंवा बाजूला, कारण गोल तेथे होणार. जाळीमागून कॅमेरा धरला की धावत येणाऱ्या आघाडीपटूचा चेहरा समोर येतो आणि गोलरक्षकाची पाठ. शिवाय तो कोणत्या गोलमागे बसेल? जेथे गोल होण्याचा संभव अधिक तेथे, म्हणजे दुबळ्या संघाच्या गोलमागे. त्या काळी भारताचा संघ समोरच्यावर डझनाने गोल चढवीत असे. तेव्हा भारताच्या गोलमागे कॅमेरा घेऊन बसणाऱ्याने दिवसभर गवताचीच छायाचित्रे घेतली असती. गोलरक्षक जितका चांगल्या संघातला, तितका तो छायाचित्रात कमी, असा माझा तर्क आहे. तो कोणी खोडून काढला तर मला आवडेल.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे खेळाचे नियम. नियम बदलत गेले आणि प्रत्येक बदलाची खूण चित्रात राहिली. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी एक खेळाडू खाली वाकून हाताने चेंडू थांबवतो आहे आणि दुसरा स्टिक उगारून उभा आहे, असे दिसले तर ते चित्र जुने. पुढे हाताने चेंडू थांबवणे बंद झाले. एकटा खेळाडू एकट्या गोलरक्षकासमोर पेनल्टी स्ट्रोक घेतो आहे असे दिसले तर ते १९६३ च्या आधीचे असू शकत नाही, कारण त्यापूर्वी त्या जागी 'पेनल्टी बुली' असे. निळे मैदान दिसले तर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या आसपासचे किंवा नंतरचे. इतके सोपे आहे. पण आधी नियम माहीत पाहिजेत.

तिसरी गोष्ट, आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी, ती म्हणजे कात्रणाची पाठ. आपण छायाचित्र कापतो तेव्हा मागच्या पानावरचे काहीतरी नकळत कापले जाते. कोणी ते मुद्दाम निवडलेले नसते, म्हणूनच ते खोटे बोलत नाही. एका कात्रणामागे अर्धा बाजारभाव निघाला, दुसऱ्यामागे वधूवरांची जाहिरात. समोर तारीख नसली तरी पाठ तारखेच्या जवळ नेते. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२ कोरलेले आहे, म्हणून ते मंदिर इ.स. १०६० च्या सुमाराचे हे आपण छातीठोकपणे सांगतो. आणि आपल्या आजोबांच्या छायाचित्रामागे मात्र कोणी साधे साल लिहीत नाही!

येथे एका कात्रणाचा उल्लेख केला पाहिजे. ते साईंकडे आहे, पण भिंतीवर नाही; गल्ल्याखालच्या कप्प्यात एका वहीत ठेवलेले आहे. ते २००६ चे. त्या सुमारास शंकर लक्ष्मण यांच्या पायाला गँग्रीन झाल्याच्या आणि ते महूला आर्थिक अडचणीत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. २९ एप्रिल २००६ रोजी ते वारले. ज्या पायांनी साऱ्या जगाचे चेंडू परतवले त्यांतल्याच एका पायाला तो आजार झाला होता. बैठकीत हे कात्रण कधी बाहेर निघत नाही. मी एकदा विचारले तेव्हा साईं म्हणाले, "बेटा, वह फोटो बाँटने का नहीं है." मला हे पटले नाही, आणि मी तसे त्यांना सांगितले. पदक गळ्यात असलेले चित्र वाटायचे आणि अंथरुणावरच्या माणसाचे लपवायचे, तर मग आपण त्या माणसावर प्रेम करतो की पदकावर? आबा माझ्या बाजूचे झाले, सुभेदार आजोबा साईंच्या. वाद मिटलेला नाही. क्रमांक देताना मी त्या कात्रणालाही क्रमांक दिला आहे.

आता मूळच्या तसबिरीकडे येते, जिच्यामुळे हे तिघे भेटले. ती सुभेदार आजोबांनी निवृत्तीनंतर घर बांधले तेव्हा मढवून घेतली होती. वर्तमानपत्राचे मोठे कात्रण. जाळीमागून घेतलेले. पाठमोरा गोलरक्षक गोलरेषेवर किंचित वाकून उभा आहे, समोर काही पावलांवर एक खेळाडू चेंडूवर झुकला आहे, बाकी मैदान मोकळे. खालचा मजकूर पुराच्या पाण्याने गेला आणि त्या खेळाडूच्या चेहऱ्यावर व छातीवर तपकिरी डाग पडला. मागच्या पुठ्ठ्यावर सुभेदार आजोबांनी बॉलपेनने लिहिले आहे : 'शंकर लक्ष्मण, टोकियो १९६४, फायनल.' २००५ साली कात्रण पुठ्ठ्याला चिकटले होते, म्हणून साईंनी ते तसेच वाळवून मढवले. गेल्या पावसाळ्यात पुठ्ठा फुगून सुटला आणि कात्रणाची पाठ पहिल्यांदा दिसली.

पाठीवर 'संगम' चित्रपटाच्या जाहिरातीचा तुकडा निघाला. 'संगम' १९६४ साली प्रदर्शित झाला. तेव्हा साल जुळले. समोरचे दृश्य उघड उघड पेनल्टी स्ट्रोकचे, तेही सालाशी जुळते. सुभेदार आजोबा खूष झाले. पण मी त्या रविवारी घरी येऊन टोकियोच्या अंतिम सामन्याचा वृत्तान्त पुन्हा वाचला आणि थबकले. त्या सामन्यातील एकमेव गोल असा झाला : भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला, पृथ्वीपालसिंग यांचा फटका पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायाने अडला, त्याबद्दल भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलाल यांनी तो जाळीत घातला. स्ट्रोक भारताने घेतला. म्हणजे त्या क्षणी गोलमध्ये पाकिस्तानचा गोलरक्षक होता, आणि शंकर लक्ष्मण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जवळजवळ शंभर यार्डांवर.

तेव्हा पुठ्ठ्यावरच्या तीन गोष्टींपैकी साल टिकते. उरलेल्या दोन एकत्र टिकणे कठीण. सामना अंतिम असेल तर पाठमोरा माणूस शंकर लक्ष्मण नव्हे. तो शंकर लक्ष्मण असेल तर सामना दुसरा कोणता तरी. टोकियोला भारत एकूण नऊ सामने खेळला आणि त्यांत भारतावर पाच गोल झाले. जर्मनी, स्पेन, मलेशिया, नेदरलँड्स आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलिया, प्रत्येकी एक. त्यांपैकी एखाद्या सामन्यातील हे चित्र असूही शकेल. पण वर्तमानपत्राने एवढे मोठे छापले ते कोणते असेल? सुवर्णपदक मिळवून देणारा स्ट्रोकच, असे मन म्हणते. सदऱ्याच्या रंगावरून ठरवावे, तर काळ्यापांढऱ्या छपाईत निळा आणि हिरवा दोन्ही करडेच.

हे सुभेदार आजोबांना सांगावे की नाही? मी आठवडाभर कोणाला काही बोलले नाही. ज्या चित्रासमोर ते रोज सकाळी क्षणभर ताठ उभे राहतात, ज्यावर दसऱ्याला झेंडूची माळ चढते, तो माणूस कदाचित समोरच्या संघाचा आहे, हे त्यांच्या ऐंशीव्या वर्षी सांगून मी काय मिळवणार होते? आईला विचारले. ती धागे कापता कापता म्हणाली, "तुला त्यांनी वाचायला नेलं ना? मग वाचलंस ते सांग." इतके सरळ उत्तर मला ग्रंथालयात मिळाले नसते.

मी सांगितले. मैदानाची आकृती कागदावर काढून, दोन्ही गोल दाखवून, पायरीपायरीने सांगितले. आजोबांनी आकृती दोनदा पाहिली. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं ह्याला सलाम ठोकला मी." पुन्हा थोडा वेळ गेला. "पाकिस्तानचा असला तरी उभा बाकी चांगला राहिलाय. गुडघे बघ." यावर साईं हसू लागले. त्यांचे म्हणणे असे की हा गोली कराचीचा निघाला तर तो त्यांच्या गावचा झाला, तेव्हा तसबीर त्यांनाच द्यावी. आजोबांनी ती द्यायला साफ नकार दिला.

त्यानंतर तिघांनी मिळून ठरवले आणि मी पुठ्ठ्यावरच्या जुन्या ओळीला हात न लावता तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले : 'टोकियो, १९६४. पेनल्टी स्ट्रोक. गोलरक्षक नक्की नाही. अंतिम सामना असल्यास पाकिस्तानचा.' खाली त्या दिवशीची तारीख घातली. उरलेल्या २२ चित्रांमागे असेच लिहिण्याचे काम चालू आहे, १४ झाली. ज्यांचे साल कळत नाही त्यांच्यावर नुसता क्रमांक आणि ते कोणाकडून आले एवढेच लिहिते. आबांनी प्रत्येकासाठी प्लास्टिकचे पाकीट आणले आहे, पुन्हा पाणी आले तर असू द्यावे म्हणून.

साईंनी ती तसबीर आता नव्याने मढवली आहे. पुठ्ठा वेगळा काढून त्याला निराळी चौकट केली आणि कात्रणाला दोन्ही बाजूंनी काच लावली, म्हणजे 'संगम'ची जाहिरातही दिसावी. पैसे घेतले नाहीत. बदलापूरला ती पूर्वीच्याच खिळ्यावर टांगली आहे, आणि कोणी पाहुणा आला की आजोबा ती खाली काढून आधी पाठीमागची बाजू दाखवतात.